विक्रोळीला बंद पडणारी फियाट

धोंडिराम,

हे तुला समोर बसवून सांगितलं असतं, पण तुझी ऐकण्याची रीत मला ठाऊक आहे. तिसऱ्या वाक्याला ‘होय बाई’ म्हणतोस आणि चौथ्याला बॉनेटखाली डोकं घालतोस. म्हणून लिहून देतेय. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला परिसरातल्या एखाद्या माणसावर लेख हवाय. बाकीच्यांनी डॉक्टर घेतलेत, एकीने तर स्वतःच्या जावयालाच घेतलंय. मी तुला घेतलंय. तुझ्या नाकाचं लिहू का म्हणून विचारलं तेव्हा तू म्हणालास, ‘लिवा की, आता मुलुंडात कोणाक म्हायत नाय?’ ती परवानगी धरते. जे मला ठाऊक नव्हतं ते लताने सांगितलं, आणि तिनेही सांगितलं नाही ते मी चाळीस वर्षांच्या ओळखीवर जोडून टाकलंय. चुकलं असेल तर अंक छापून झाल्यावर बोल. एक मात्र आहे. पुढे मी तुला ‘तो’ म्हणणार आणि पद्मजाबाईंना, म्हणजे स्वतःला, ‘बाई’. समोरासमोर आपण दोघंही खोटं बोलतो. कागदावर तरी ते नको.

धोंडिराम घाडीचं गॅरेज मुलुंड पश्चिमेला, पिठाची गिरणी आणि लग्नपत्रिका छापणारा यांच्या मधे. गाळा इतका अरुंद की गाडी आत गेली की तिचं दार धड उघडत नाही. धोंडिराम स्वतः काटकुळा आहे, म्हणून तो अर्ध्या उघडलेल्या दारातून बाहेर येऊ शकतो. जाड माणसाला हा धंदा इथे जमलाच नसता. त्याचे वडील देवगडाजवळच्या एका वाडीतून परळच्या गिरणीत आले. घरात त्यांच्या अंगाला कायम कापसाचा आणि तेलाचा मिळून एक वास यायचा. सतरा वर्षांच्या धोंडिरामने ठरवलं, आपल्या अंगाला वास येईल तर तो पेट्रोलचाच. वडील चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘जा, पण हात धुवून जेवाक बस.’

या माणसाचं नाक म्हणजे मुलुंडातली एक प्रसिद्ध गोष्ट होती. गाडी आली की तो इंजिनातला प्लग काढायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. पेट्रोल जास्त जातंय, की कमी पोचतंय, की ऑइल जळतंय. टाकीत कुणी घासलेट मिसळलेलं पेट्रोल भरलं असेल तर झाकण उघडल्या उघडल्या मान फिरवायचा. एकदा त्याने एका कडक शाकाहारी शेठना सांगितलं, ‘शेठ, गाडीत काही नाही, पण तुमचा ड्रायव्हर मागच्या सीटवर बसून सुके बोंबील खातो.’ ड्रायव्हरने तिथेच हात जोडले. शेठनी सीटचं कापड बदलून घेतलं, ड्रायव्हर मात्र ठेवला. तो गाडी चांगली चालवायचा.

हे नाक कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप उतरला, खोकला गेला, चव अर्धीमुर्धी परत आली. वास परत आला नाही. पहिल्यांदा कळलं ते लताला, त्याच्या बायकोला. ती खाली भाजी आणायला गेली होती आणि वर आली तर घरभर जळक्या डाळीचा धूर. धोंडिराम गॅसपासून तीन हातांवर बसून पेपर वाचत होता.

त्याने कोणाला सांगितलं नाही. मुलाला, निलेशला, तर अजिबात नाही. निलेश बोरिवलीला राहतो, एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चांगल्या हुद्द्यावर आहे. तिथे गाडीला वायर लावली की काय बिघडलंय ते पडद्यावर येतं. त्याचं बरीच वर्षं एकच म्हणणं होतं, ‘बाबा, बंद करा आता. गाळ्याला माणूस मीच बघून देतो. देवगडला घर आहे, आंबे आहेत, जाऊन बसा.’ धोंडिरामचं उत्तरही बरीच वर्षं एकच होतं, ‘आंब्यांका माझी काय गरज?’

नाक गेल्यावर मात्र त्या उत्तरातला जोर गेला. गिऱ्हाईक समोर असलं की तो पूर्वीसारखाच प्लग नाकाशी धरायचा, पूर्वीसारखेच डोळे मिटायचा, मग हळूच डोळे उघडून प्लगचा रंग बघायचा. काळा, पांढरा, विटकरी. रंगावर बरंच भागतं. स्कूटरवाले, रिक्षावाले खूश. पण दरवेळी प्लग खाली ठेवताना त्याला वाटायचं, आपण नाटकात काम करतोय, आणि एक दिवस पहिल्या रांगेतला कोणीतरी उठून उभा राहणार.

तो कोणीतरी म्हणजे पद्मजाबाई लिमये.

बाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, एकतीस वर्षं. आता शहात्तरीच्या आहेत. त्यांच्या यजमानांनी, श्यामसुंदररावांनी, त्र्याऐंशी साली ही फिकट निळी फियाट सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच आठवड्यात धोंडिरामकडे आणली. तेव्हा तो ऐन तिशीत होता. तेव्हापासून बाई त्याला ‘अरे’ म्हणतात आणि तो बाईंना ‘तुम्ही’. श्यामसुंदरराव जाऊन नऊ वर्षं झाली. गाडी बाईच चालवतात आणि दर मंगळवारी मानखुर्दला जातात. तिथे एका संस्थेत मुलींना विज्ञान शिकवतात. ‘रिक्षाने का नाही जात?’ असं कोणी विचारलं तर त्या उलट विचारतात, ‘तू बस माझ्याऐवजी रिक्षात. मला गाडी आहे.’

गेल्या वर्षीच्या जुलैत त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी तक्रार केली की पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास मारतो. बाईंनी धोंडिरामला बोलावलं. तो आला, गाडीच्या मागे वाकला, टाकीच्या झाकणाशी नाक नेलं, बराच वेळ नेलं.

“नाय हो बाई. कुठे येतोय?”

“अरे, इथे उभं राहून माझं डोकं चढलंय!”

“उन्हाने येतो थोडा. जाईल.”

“कसलं ऊन? आठ दिवस आभाळ आहे.”

“दमटपणाने पण येतो.”

बाईंनी त्याच्याकडे जे बघितलं ते नापास मुलाकडे बघण्यासारखं होतं. धोंडिराम त्या नजरेखालून निघाला तो थेट गाळ्यावर येऊन बसला. लता डबा घेऊन आली तेव्हा त्याने तिला सांगितलं.

“तुमका वास येना नाय ता बाईंका सांगून टाका,” लता म्हणाली. “बाई काय तुमका खातली?”

“आज वासाचा सांगलंय तर उद्या गाडी दुसऱ्याकडे जातली.”

“नाक गेला म्हणान हात गेले काय?”

दोन दिवसांनी बाईंचाच फोन आला. “वास गेला. मीच बघून घेतलं.” धोंडिरामला इतकं हायसं वाटलं की काय बघून घेतलं हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी फियाट विक्रोळीला बंद पडली. मुलुंडहून हायवेला लागून वीसेक मिनिटं झाली होती. आधी आचके दिले, मग खोकली, मग गप्प. बाईंनी धोंडिरामला फोन लावला. त्याने जुना उपाय सांगितला: पेट्रोलचा पंप तापला असेल, त्यावर ओलं फडकं टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. बाईंनी पिण्याच्या पाण्यात रुमाल भिजवून टाकला. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि मानखुर्दपर्यंत नीट गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा विक्रोळी. पुन्हा रुमाल, पुन्हा पंधरा मिनिटं. तिसऱ्या मंगळवारी तिथल्या नारळपाणीवाल्याने बाईंसाठी स्टूल काढून ठेवलं होतं.

“तिला विक्रोळी आवडते,” बाई गाळ्यात येऊन म्हणाल्या. “मुलुंडात शहाण्यासारखी वागते, भांडुपला हूं नाही की चूं नाही, आणि विक्रोळी आली की मॅडमना उतरायचं असतं. तू काय ते एकदा बघणार आहेस की मी तिकडेच खोली घेऊ?”

धोंडिराम बघायला लागला. त्याने कार्बोरेटर उतरवला, पेट्रोल सोडणारी सगळी बारीक जेट फुंकून साफ केली, आत तरंगणारा फ्लोट हलवून बघितला. पंप उघडून त्यातला पडदा बदलला. हल्लीच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं असं सगळेच म्हणतात, म्हणून टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप नवे घातले. खालचा नट काढून टाकी रिकामी केली, गंज धुतला, फिल्टर बसवला. शेवटी बाटलीत पेट्रोल घेऊन ती बॉनेटला टांगली आणि बाटलीतून थेट कार्बोरेटरला नळी जोडली. गाडी अर्धा तास मांजरीसारखी गुरगुरत राहिली. म्हणजे इंजिन ठीक, कार्बोरेटर ठीक, रोग टाकी आणि पंप यांच्या मधे कुठेतरी. पण तिथे तर सगळंच त्याने बदललं होतं! पेट्रोल भरून तो भांडुपपर्यंत चक्कर मारून यायचा. झकास. मंगळवार आला की विक्रोळी.

पूर्वी एवढं करावंच लागलं नसतं असं त्याला वाटायचं. पूर्वी त्याने बॉनेट उघडून एक श्वास घेतला असता आणि कळलं असतं. काय कळलं असतं ते आता त्याला आठवत नव्हतं, पण कळलं असतं. दोन महिन्यांत तो इतका वाळला की लताने निलेशला बोलावून घेतलं.

निलेश रविवारी गाळ्यात आला. गाडीभोवती एक फेरी मारली, हात खिशातच.

“बाबा, एका फियाटपायी जीव काढताय. यार, स्पष्ट सांगा ना बाईंना, नाही होत.”

धोंडिराम नळी पुसत होता.

“दसऱ्यापर्यंत बघतो,” तो म्हणाला. “दसऱ्याला गॅरेजची पूजा करतो ना मी. तोवर ही सुटली तर सुटली. नाय सुटली तर पूजा करून शटर खाली. तुझ्या माणसाला गाळा दे.”

निलेश हे ऐकायला बरीच वर्षं थांबला होता, पण ऐकल्यावर त्याचं तोंड उतरलं. “असं नका बोलू ना बाबा,” तो म्हणाला. पण शब्द दिला गेला होता, आणि धोंडिराम दिलेल्या शब्दाच्या बाबतीत गाढव आहे.

दसरा शनिवारी होता. त्याआधीचा मंगळवार हा शेवटचा मंगळवार. सकाळी नऊला धोंडिराम बाईंच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हत्यारांची पिशवी.

“मी येतो आज बरोबर.”

“दोन महिने हेच सांगतेय!” बाई म्हणाल्या. “बस. हत्यारं मागच्या पिशवीवर ठेवू नकोस, तिच्यात काचेचा पेला आहे.”

मागच्या सीटवर बाईंची शिकवण्याची पिशवी होती. त्या दिवशी मुलींना हवेचा दाब दाखवायचा होता. पेला काठोकाठ भरायचा, त्यावर पोस्टकार्ड ठेवायचं, पेला उलटा करायचा आणि कार्डाखालचा हात काढून घ्यायचा. पाणी पडत नाही. खालची हवा ते धरून ठेवते. बाई हे हायवेला लागेपर्यंत धोंडिरामला समजावून सांगत होत्या. मग चंद्रप्रकाशबद्दल बोलल्या, मग पुलाखालच्या खड्ड्यांबद्दल, मग पुन्हा चंद्रप्रकाशबद्दल. धोंडिराम डोळे मिटून बसला होता. कांजूरमार्ग गेल्यावर तो म्हणाला,

“बाई, गप बसा जरा.”

चाळीस वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. बाई गप्प बसल्या. आश्चर्यानेच बसल्या.

आता त्याला गाडी ऐकू येऊ लागली. इंजिनाचा सूर, गियरची किणकिण, डाव्या दाराचा जुना खडखडाट. पंप टकटकत होता. आणि मग त्या टकटकीत काहीतरी बदललं. ती जड झाली, जशी विहीर खोल असली की रहाटाची होते. पंप ओढत होता, पण त्याला कोणीतरी मागे ओढत होतं.

“आली विक्रोळी,” बाई म्हणाल्या, आणि गाडीने आचका दिला.

त्यांनी ती कडेला घेतली. नारळपाणीवाल्याने हात केला. धोंडिराम सवयीने बॉनेटकडे गेला, फडकं काढलं, बाटलीचं बूच उघडलं आणि थांबला. पंपावर पाणी टाकलं की पंधरा मिनिटांनी गाडी सुरू होते. पण पाणी टाकलं नाही आणि नुसतीच पंधरा मिनिटं थांबलं तर? हे कोणी बघितलंच नव्हतं. फडक्याला श्रेय मिळत होतं. काम कदाचित घड्याळ करत होतं. या पंधरा मिनिटांत काय आपोआप बरं होतं?

फडकं खांद्यावर टाकून तो गाडीच्या मागे गेला. टाकीच्या झाकणाला हात घातला आणि फिरवलं.

सुऽऽस्.

लांब, बारीक, आत ओढलेला आवाज. खूप वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसाने वर येऊन घेतलेल्या श्वासासारखा.

“बाई! स्टार्टर मारा!”

“अरे, पंधरा मिनिटं कुठे—”

“मारा म्हणतोय ना!”

दोनदा कुरकुरली आणि फियाट सुरू झाली. पंधरा मिनिटं नाही, फडकं नाही, काही नाही.

धोंडिरामने हातातलं झाकण उलटं केलं. झाकणाला वर बारीक भोक असतं. पेट्रोल जसं खर्च होतं तशी त्यातून हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही; गाडी थांबली की पंधरा मिनिटांत हवा कडेने हळूहळू झिरपते. झाकणाच्या आतल्या रबरी वायसरखाली, त्या भोकावर घट्ट बसवलेली, प्लास्टिकची एक चकती होती. दुहेरी. वाटी ठेवून कडेने कात्रीने कापलेली, इतकी गोल की कंपनीतूनच आल्यासारखी. म्हणून तर दोन महिन्यांत पंचवीसदा झाकण काढूनही त्याच्या डोळ्यांत ती आली नव्हती. त्याने नखाने ती उचकटली आणि उलटी केली. निळ्या अक्षरांत अर्धवट छापलेलं होतं: ‘…पर्यंत वापरावे’.

दुधाची पिशवी.

मुलुंडात एकाच घराच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या दांडीवर, दुधाच्या पिशव्या कापून, धुवून, चिमटे लावून ओळीने वाळत घातलेल्या असतात. धोंडिरामने त्या घरी चाळीस वर्षं चहा प्यायलाय.

तो तिथेच, गाडीच्या मागे, उभा राहिला. त्याला सगळं दिसलं. वास मारत होता तो झाकणाचं वायसर कडक झालं म्हणून. बाईंनी त्याला सांगितलं होतं. त्याने नाही म्हटलं होतं. मग बाईंनी स्वतःच इलाज केला, आणि नीटनेटका केला. चकती खिशात टाकावी, झाकण लावावं आणि पंपातच दोष होता म्हणून सांगावं. बाईंची लाज राहील, त्याचीही. दसऱ्याला शटर वर राहील. त्याने चकती खिशात टाकलीही.

“काय निघालं?” बाई पुढून ओरडल्या, आणि ओरडून समाधान झालं नाही म्हणून उतरून मागे आल्या. “काय निघालं रे?”

“टाकीत हवा जात नव्हती,” धोंडिराम म्हणाला. एवढं खरं होतं.

बाईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा मागच्या सीटवरच्या पिशवीकडे, जिच्यात पेला आणि पोस्टकार्ड होतं. सांगावं काहीच लागलं नाही.

“चकती,” त्या म्हणाल्या.

धोंडिरामने ती खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली.

“एकतीस वर्षं,” बाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं मी हवेचा दाब शिकवला, धोंडिराम. पेपर काढले त्याच्यावर. मुलं नापास केली त्याच्यावर.”

“कापलीय मात्र छान.”

“गप्प बस!” पण लगेच त्यांचा पारा चढला. चूक स्वतःची निघाली की बाईंना दुसऱ्याचीही शोधल्याशिवाय राहवत नाही. “पण तू! मी तुला सांगितलं नव्हतं वास येतोय म्हणून? तू पाच मिनिटं नाक घालून उभा होतास तिथे! तू हो म्हणाला असतास तर मी कशाला पिशवी कापत बसले असते? काय म्हणालास? ऊन! दमटपणा!”

मागून एक टँकर गेला, मग दुसरा. धोंडिरामने ते जाऊ दिले.

“मला वास येत नाय, बाई.”

“म्हणजे?”

“कोविडपासून. तीन वर्षं झाली.”

बाईंनी हातातली चकती पर्समध्ये टाकली.

“कशाचाच?”

“कशाचाच नाय.”

“हिंगाचा?”

“नाय.”

“फिनेलचा?”

“नाय.”

“गटाराचा?”

“त्याचा येत नाय ता बरा.”

“आणि प्लग नाकाशी धरतोस तो?”

“सवय,” तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, “नाटक.”

त्याने मग सगळंच सांगून टाकलं. निलेशला दिलेला शब्द, दसरा, शटर. नारळपाणीवाला लांबून बघत होता. त्याला वाटलं भांडण चाललंय, म्हणून त्याने न सांगता दोन नारळ कापून आणले.

बाईंनी नारळ घेतला, एका दमात संपवला आणि विचारलं, “मग आजचा हा बिघाड कसा शोधलास?”

“ऐकून.”

“ऐकून! पंप ऐकून?”

“होय. जड वाजायला लागला. आणि मग झाकण वाजलं.”

“मग नाक कशाला हवंय तुला?” बाई म्हणाल्या. “बस गाडीत. मुली खोळंबल्यात.”

त्या दिवशी मानखुर्दला धोंडिराम वर्गाच्या मागच्या बाकावर बसला. बाईंनी पेला उलटा धरला, हात काढला, पाणी पडलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी पर्समधून चकती काढली, ती सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि आपण काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एकही शब्द न गाळता. मुली हसून हसून लोळल्या. “आणि हे कोणी शोधून काढलं, तर ते मागे बसलेत,” बाई म्हणाल्या. वीस माना वळल्या. धोंडिराम इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झाला.

दसऱ्याला घाडी मोटर वर्क्सचं शटर वर होतं. लताने झेंडूचं तोरण केलं होतं. निलेश पेढे घेऊन आला. त्याने मध्ये गाळ्यासाठी बघितलेल्या माणसाला स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं होतं, पण ते त्याने वडिलांना सांगितलं नाही, लताला सांगितलं. पाने, पकडी, जॅक सगळ्यांना हळदकुंकू लागलं. फियाटच्या झाकणात नवं वायसर होतं आणि वरचं बारीक भोक मोकळं होतं. बाईंनी त्या भोकाला कुंकू लावू दिलं नाही. “पुन्हा बुजेल,” म्हणाल्या.

त्यानंतर एक पद्धत पडली. दर शनिवारी सकाळी बाई गाळ्यात येतात, स्टुलावर बसतात आणि आठवड्याभरात धोंडिरामने बाजूला ठेवलेले प्लग एकेक करून हुंगतात.

“हा जळक्या पोळीसारखा.”

“होय. ऑइल जळतंय.”

“हा नखांना रंग लावतात ना, तसा.”

“पेट्रोल जास्त जातंय.”

“हा… शी! हा कोणाचा आहे? मेलेल्या उंदरासारखा.”

“तो प्लगचा नाय बाई. गाळ्यातच उंदीर मेलाय. लता कालपासून सांगतेय.”

निलेशने एकदा हे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “बाबा, ही काय सिस्टीम?”

“तुमच्याकडे सेन्सर असतो ना?” धोंडिराम म्हणाला. “आमच्याकडे पण आहे.”

गिऱ्हाइकांना आता सगळं ठाऊक आहे. प्लग नाकाशी धरण्याचं नाटक बंद झालं. धोंडिराम आता बॉनेटवर कान ठेवतो, आणि एक लाकडी दांडका आहे त्याचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावतो. दुसरे मेकॅनिकही असं करतात म्हणे. तो मात्र ते नव्याने शिकतोय, सत्तरीत, आणि शिकताना त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

एक राहिलं. विक्रोळीहून परत येताना त्या मंगळवारी धोंडिराम म्हणाला होता, “बाई, एकदा मनोरीला जाऊया. मार्व्याहून होडीने पलीकडे. तिकडे बोंबील वाळत घालतात, ओळीच्या ओळी. त्याचा वास नाय आला तर मग कशाचाच कधी येणार नाय. एकदाचा निकाल तरी लागेल.”

“मी सुकटाच्या वासाने मरेन,” बाई म्हणाल्या होत्या. “मी धक्क्यावर गाडीत बसून राहीन, काचा वर करून. तू एकटा जा पलीकडे. पण जाऊ. पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी रिक्षा आली दुरुस्तीला. त्याच्या पुढच्याला लताच्या भावाकडे बारसं. मग धोंडिरामची कंबर धरली. मग एका माणसाने जुनी जीप आणली आणि त्यात तीन रविवार गेले. बाईंनी दोनदा चिडून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं की कारण सांगताना तो खूश दिसतो, आणि त्यांनी चिडणं सोडलं.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र तो आला. सकाळी आठला, पार्किंगमध्ये, तोच इस्त्रीचा शर्ट. लताने डबा दिला होता, रिकामा, बोंबील आणायला. चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा पांढरा.

“चला बाई. आज जाऊनच येऊ.”

बाई जिना उतरून आल्या होत्या, हातात पर्स, पायात चालायचे बूट. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला.

“आज नाही जमणार,” बाई म्हणाल्या. “गाडीत पेट्रोल नाहीये.”

धोंडिरामने काचेतून आत वाकून बघितलं. बाईंनी नुकतीच किल्ली लावून गाडी सुरू करून बघितली होती आणि बंद करायची राहिली होती. काटा पूर्ण भरलेल्याच्या खुणेला टेकला होता. धोंडिरामने काट्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग हात आत घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि काटा सावकाश खाली आला.

“खरंच की,” तो म्हणाला. “मग पुढच्या रविवारी.”

“पुढच्या रविवारी,” बाई म्हणाल्या. “वर ये. चहा टाकते.”